दहातले तीन

कुठल्याही कंपनीच्या लीडरशिप ट्रेनिंगला जा, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या स्लाइडवर सुन त्झू हजर असतोच. मागे चिनी भिंतीचा फोटो, कोपऱ्यात लाल ड्रॅगन, आणि मधोमध एखादं वाक्य, जे बऱ्याचदा त्याचं नसतंच. त्यातून आपला समज असा होतो की चिनी लोक युद्धाच्या बाबतीत जन्मजात हुशार. न लढता जिंकणारे वगैरे.

मला लढाया कशा लढल्या यात फारसा रस नाही. बाण, रथ, व्यूह हे सगळं वाचताना मला झोप येते. मला कुतूहल आहे ते त्याच्या आधीच्या पायरीचं. लढायचं की नाही हे ठरवलं कसं? मीटिंग कुणी बोलावली? आकडे कुणी आणले? आणि सगळे ‘हो’ म्हणत असताना जो ‘नको’ म्हणाला, त्याचं पुढे काय झालं? चीनच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी सापडतात, कारण या लोकांनी चक्क मीटिंगचे मिनिट्स लिहून ठेवलेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे. तेही हरलेल्या बाजूच्या म्हणण्यासकट. गेले काही वीकेंड मी त्यातच बुडालेलो आहे, तेव्हा आज तुमचीही सुटका नाही. (नावांचे उच्चार मी जमेल तसे लिहिलेत. एखादा चिनी माणूस वाचत असेल तर त्याने मोठ्या मनाने सोडून द्यावं.)

अगदी तळापासून सुरुवात करू. इ.स.पू. १२०० च्या आसपास शांग घराण्यात वू दिंग नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या राजधानीचे अवशेष आजच्या आनयांग शहराजवळ सापडले, आणि तिथे कासवाच्या कवचांचे आणि बैलांच्या हाडांचे ढिगारे निघाले. त्यावर कोरलेले प्रश्न. पद्धत अशी, की हाडाला मागून खाचा पाडायच्या, तिथे चटका द्यायचा, हाड तडकलं की तो तडा वाचून शुभ-अशुभ ठरवायचं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. युद्धाचे प्रश्नही असेच विचारले जात. वू दिंगची राणी फू हाओ स्वतः फौज घेऊन मोहिमेवर जायची. एका हाडावर तिच्या एका मोहिमेसाठी तेरा हजार माणसांचा आकडा आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. प्रश्न पुष्कळदा जोडीने कोरलेला असतो. एकीकडे ‘अमक्यावर चाल करावी’, आणि त्याच कवचावर समोर ‘अमक्यावर चाल करू नये’. म्हणजे कौल देवाचा असला तरी ‘नको’ हा पर्यायही कोरूनच विचारायचा. आमच्या कित्येक मीटिंगमध्ये एवढंही होत नाही. असो.

पुढे देवाची जागा हिशेबाने घेतली. पूर्ण घेतली असं नाही, ते पुढे येईलच. सुन त्झूच्या नावावरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण लढाईबद्दल नाहीच. निघण्याआधी पूर्वजांच्या देवळात बसून दोन्ही बाजूंची मोजणी कशी करायची, याबद्दल ते आहे. दुसरं प्रकरण तर सरळ अंदाजपत्रक आहे. एक लाखाची फौज बाहेर काढली तर रोजचा खर्च किती, लांबच्या वाटेवर धान्य नेताना जनता कशी भिकेला लागते, वगैरे. ट्रेनिंगमध्ये हे प्रकरण कुणी दाखवत नाही. खर्चाची स्लाइड कुणाला आवडते?

आता खरी गोष्ट.

इ.स.पू. २००. हान घराण्याचा पहिला सम्राट गाओझू नुकताच गादीवर स्थिर होतोय. उत्तरेला शिओंग्नू नावाचे भटके घोडेस्वार, त्यांचा राजा मोदू. सम्राट स्वतः फौज घेऊन त्यांच्यावर निघाला. हाडं गोठवणारा हिवाळा, इतका की दर दहा सैनिकांमागे दोघा-तिघांची बोटं गळून पडली असं तेव्हाच्या इतिहासात लिहिलंय. तर सम्राटाने शत्रूची हालहवाल बघायला दहाच्या वर दूत पाठवले. सगळ्यांनी परत येऊन एकच सांगितलं : म्हातारी माणसं, हडकुळी जनावरं, बिनधास्त हल्ला करा.

शेवटी ल्यू जिंग नावाच्या माणसाला पाठवलं. हा मुळात सरहद्दीवर पहाऱ्याला निघालेला, वाटेत गाडी ओढणारा साधा गडी. एकदा सम्राटाला राजधानी कुठे असावी याचा सल्ला दिला, तो पटला, आणि दरबारात आला. त्यानेही तेच बघितलं : म्हातारी माणसं, हडकुळी जनावरं. पण तो म्हणाला की दोन राज्यं समोरासमोर उभी असताना जो तो आपली ताकद मिरवतो. इथे मला फक्त मरतुकडं काय ते दिसलं. याचा अर्थ चांगलं ते लपवलंय. हल्ला करू नका.

डेटा तोच, निष्कर्ष उलटा.

अडचण एवढीच होती की तोवर दोन लाखांवर फौज खिंड ओलांडून पुढे निघालेली होती. रिलीजची तारीख ठरल्यावर टेस्टिंगवाला येऊन ‘थांबा’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे सगळे कसे बघतात, ते ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सम्राट संतापला. तोंडाच्या वाफेवर पद मिळवलेला माणूस माझ्या फौजेचं मनोधैर्य खच्ची करतो म्हणून त्याने ल्यू जिंगला बेड्या घालून तुरुंगात टाकलं आणि पुढे गेला. आजच्या दातोंग शहराजवळ बायदेंग म्हणून जागा आहे, तिथे मोदूच्या घोडेस्वारांनी त्याला सात दिवस वेढून ठेवलं. मोदूच्या राणीकडे गुपचूप नजराणे पोचवून कशीबशी सुटका झाली.

परत आल्यावर गाओझूने काय केलं? ल्यू जिंगला सोडलं, तुझं ऐकलं नाही म्हणून दरबारी भाषेत माफी मागितली, दोन हजार घरांचा महसूल इनाम दिला. आणि ‘हल्ला करा’ म्हणणाऱ्या त्या दहा-बारा दूतांची मुंडकी उडवली. हे दुसरं मला न्यायाचं वाटत नाही. त्यांनी डोळ्यांनी दिसलं ते सांगितलं होतं. पण होयबांनाही कधीतरी बिल भरावं लागतं, याचं इतिहासात इतकं जुनं उदाहरण क्वचितच असेल.

त्यानंतर साठ-सत्तर वर्षं हान दरबाराने शिओंग्नूंना राजकन्या, रेशीम, धान्य देऊन शांतता विकत घेतली. ही कल्पनाही ल्यू जिंगचीच. लाजिरवाणी, पण युद्धापेक्षा स्वस्त.

मग आला सम्राट वू. तरुण, भरलेली तिजोरी, भरलेल्या पागा. इ.स.पू. १३५ मध्ये त्याने दरबाराला विचारलं, लढायचं का? वांग हुई म्हणाला लढू. हान आनगुओ म्हणाला नको : हजार मैल धावून घोडे दमतील, शत्रू पक्ष्यासारखा उडून जाईल, आणि त्यांची ती माळरानं जिंकून करायचं काय? बहुतेकांनी हान आनगुओची री ओढली. दोनच वर्षांनी वांग हुईने तोच प्रस्ताव नव्या वेष्टनात आणला. मायी गावच्या एका पुढाऱ्याने शत्रूला आमिष दाखवून बोलवायचं, आणि तीन लाख सैनिक दबा धरून बसवायचे. या वेळी मंजूर! आणि फौजेच्या नेतृत्वात कोण? तर ‘नको’ म्हणणारा हान आनगुओसुद्धा. (हे ओळखीचं वाटलं तर निव्वळ योगायोग समजावा.)

शिओंग्नूंचा राजा लाखभर स्वार घेऊन आला खरा, पण त्याने बघितलं की रानात गुरं चरतायत आणि गुराखी एकही नाही. त्याला शंका आली. एक चौकी घेऊन तिथल्या अधिकाऱ्याला धरलं, त्याने सगळं ओकलं, राजा मागे फिरला. तीन लाख माणसं हात हलवत परत. वांग हुईकडे तीस हजारांची तुकडी होती, शत्रूच्या सामानावर तुटून पडण्यासाठी. त्याने ऐन वेळी, आपले लोक फुकट मरतील म्हणून ती मागे घेतली. त्याला मृत्युदंड ठरला, आणि त्याने आत्महत्या केली. युद्धाची वकिली करणारा माणूस शेवटी तीस हजार जीव वाचवले म्हणून मेला. यावर काय बोलावं, मला खरंच सुचत नाही.

पुढची चाळीसेक वर्षं युद्धाची. एकच आकडा सांगतो. इ.स.पू. ११९ च्या मोठ्या मोहिमेत सरहद्द ओलांडताना सरकारी आणि खाजगी मिळून १ लाख ४० हजार घोडे मोजले गेले. परत आले ते ३० हजारही नव्हते. आणि ही जिंकलेली मोहीम होती बरं का. मीठ आणि लोखंड सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतलं ते याच खर्चापायी.

वू म्हातारा झाल्यावर, इ.स.पू. ८९ मध्ये, सांग होंगयांग या त्याच्या अर्थखात्यातल्या हुशार माणसाने सुचवलं की लुनताय इथे, म्हणजे आजच्या शिंजियांगमध्ये, लष्करी वसाहत वसवू. त्या सुमाराला खर्चासाठी डोईपट्टी वाढवायचंही सुचवलं गेलं होतं. सम्राटाने नकार दिला आणि एक लांबलचक फर्मान काढलं. ते फर्मान मला फार माणसाचं वाटतं. त्यात तो आधीच्या वर्षीच्या मोठ्या पराभवाची शवचिकित्सा करतो. शत्रूने घोड्यांचे पाय बांधून ते तटाखाली आणून सोडले होते, त्याचा अर्थ काय हे त्याने मंत्र्यांना, पंडितांना, सेनापतींना विचारलं. कुणी म्हणालं ही त्यांची दुर्बुद्धी, कुणी म्हणालं उसनं अवसान. मग ज्योतिष्यांकडून कौल घेतला, कोणत्या सेनापतीला पाठवावं हेही कौलाने ठरवलं, सगळं शुभ निघालं. आणि सगळं खोटं ठरलं. म्हणजे कासवाच्या कवचापासून अकराशे वर्षं पुढे आलो तरी कौल चालूच. फरक एवढा की आता राजा जाहीरपणे लिहून देतो की कौल फसला आणि कमिटीही फसली.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्या माणसाकडे येऊ. झाओ चोंगगुओ.

इ.स.पू. ६१. गादीवर वू सम्राटाचा पणतू, सम्राट श्वान. आजच्या छिंगहाय प्रांतात, शीनिंगच्या आसपासच्या खोऱ्यात, छियांग टोळ्यांनी उठाव केला. झाओचं वय सत्तरीच्या पुढे. सम्राटाने बिंग जी या मंत्र्याला त्याच्याकडे पाठवलं, कुणाला सेनापती नेमावं हे विचारायला. (तू येतोस का, असं विचारायची सम्राटाला वयामुळे भीड पडली असावी.) झाओने उत्तर दिलं, माझ्याइतका योग्य कुणी नाही. बरं, किती फौज लागेल? त्यावर तो म्हणाला की ऐकीव माहितीवर लांबून बसून सांगणार नाही, आधी जागा डोळ्यांनी बघतो, मग नकाशा काढून आराखडा पाठवतो. त्याचं हे उत्तर चिनी भाषेत म्हण होऊन बसलंय. एस्टिमेट मागितल्यावर ‘आधी बघून सांगतो’ म्हणणारा माणूस मला तरी तिथेच आवडला.

तो गेला, आणि लढेचना. मुख्य बंडखोर टोळी कोणती आणि तिच्या दबावाने मागे ओढल्या गेलेल्या छोट्या टोळ्या कोणत्या, हे त्याने वेगळं काढलं. छोट्यांना निरोप धाडला की तुमच्याशी भांडण नाही. इकडे जिउछ्वान प्रांताचा सुभेदार शिन वूशिएन, त्याने राजधानीला चमकदार प्रस्ताव पाठवला : दहा हजार घोडेस्वार, प्रत्येकाबरोबर तीस दिवसांचा शिधा, आधी छोट्या टोळ्यांवरच झडप घालू. दरबार खूश. झाओचं मत मागवलं तर त्याने एका घोड्याचं गणित मांडलं. तीस दिवसांचा शिधा म्हणजे माणसाला २.४ हू तांदूळ-वरी आणि जनावराला ८ हू दाणा. एक हू म्हणजे साधारण वीस लिटर. म्हणजे दोनशे लिटरच्या वर धान्य, शिवाय कपडे, शिवाय हत्यारं, एका घोड्याच्या पाठीवर, आणि वर पाठलाग करायचा!

तरीही दरबार शिन वूशिएनच्याच बाजूने गेला. सम्राटाचा खलिता आला, चांगला खरमरीत. थंडीने सैनिकांचे हातपाय फुटतायत, धान्याचे आणि वैरणीचे भाव चढलेत, आणि तू बसून काय राहिलायस? शिवाय त्यात एक मुद्दा असा की पाच ग्रह पूर्वेला एकत्र आलेत, हा चीनच्या विजयाचा योग आहे, सबब हल्ला कर. (१९९५ मध्ये शिंजियांगमधल्या निया इथे उत्खननात एक मनगटपट्टा सापडला, त्यावर हाच पाच ग्रहांचा शुभयोग विणलेला आहे. म्हणजे हे त्या काळी लोकप्रिय असणार.)

ग्रहांपुढे म्हातारा बधला नाही. त्याने पुन्हा लिहिलं. पत्र गेलं त्यानंतर अवघ्या सहा दिवसांत सम्राटाचं उत्तर निघालं : ठीक आहे, तुझ्या योजनेप्रमाणे कर. छोट्या टोळ्या न लढता शरण आल्या. मुख्य टोळीला त्याने अरुंद वाटेने सावकाश मागे रेटलं. जोर लावा म्हणून हाताखालचे अधिकारी मागे लागले, तर म्हणाला, कोंडीत सापडलेला माणूस जिवावर उदार होऊन उलटतो.

हिवाळा आला. झाओ आजारी. सम्राटाचा पुन्हा हुकूम : आता शेवटचा घाव घाल. झाओच्या मनात भलतंच होतं. घोडदळ परत पाठवायचं, दहा हजार पायदळ ठेवायचं, त्यांनी तिथेच शेती करायची, पूल-पाट दुरुस्त करायचे, आणि बंडखोर आपोआप फुटायची वाट बघायची. त्याचा मुलगा झाओ आंग फौजेतच अधिकारी होता, तो घाबरला. माणूस पाठवून त्याने बापाला कळवलं की हल्ला करा म्हणतायत तर करा, सम्राटाची मर्जी फिरली तर आपला जीव जाईल, मग राज्याचं भलं कोण करणार? म्हातारा उसळला. तो म्हणाला, माझं आधी ऐकलं असतं तर ही वेळच आली नसती. या खोऱ्यात धान्य आठ नाणी हू होतं तेव्हा मी गंग शौचांगला सांगितलं होतं, वीस लाख हू खरेदी करून साठवून ठेव, टोळ्या हलायची हिंमत करणार नाहीत. त्याने वर मागितले दहा लाख. मंजूर झाले चार लाख.

वीस, दहा, चार. दोन हजार वर्षं झाली, बजेटला कात्री लावण्याचं प्रमाण तेच आहे.

मग त्याने सम्राटाला जो अर्ज लिहिला, तो एखाद्या काटेकोर किराणा दुकानदाराने लिहावा तसा आहे. माझ्या फौजेला आणि जनावरांना महिन्याला १,९९,६३० हू धान्य लागतं, १,६९३ हू मीठ, आणि वैरण २,५०,२८६ शी (हे तेव्हाचं वजनाचं माप). त्याऐवजी १०,२८१ माणसं ठेवली तर महिन्याला २७,३६३ हू धान्य आणि ३०८ हू मीठ पुरेल. मी भागाकार करून बघितला. माणशी साधारण २.६६ हू धान्य, आणि महिन्याला सहाशे मिलिलिटर मीठ. धान्याचा खर्च सातव्या हिश्शाहून खाली. पुढे लष्करी शेतीचे बारा फायदे, क्रमवार.

सम्राटाने उलट विचारलं, तुझ्या पद्धतीने शत्रू नेमका कधी संपणार? तारीख काय? (व्वा!) झाओने पुन्हा लिहिलं. पुन्हा शंका आल्या, पुन्हा लिहिलं. आणि इथे बान गूने, म्हणजे पुढे हान घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाने, एक ओळ टाकलीय तिच्यामुळे मी हे सगळं लिहितोय. दर वेळी झाओचा अर्ज आला की सम्राट तो दरबारात चर्चेला ठेवी. पहिल्यांदा त्याच्या बाजूने दहातले तीन होते. मग दहातले पाच. शेवटी दहातले आठ. आणि आधी विरोध करणाऱ्यांना सम्राटाने विचारलं की आता का बदललात, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंतप्रधान वेई शियांगने तर कबूलच केलं की लष्करातलं मला कळत नाही.

एक आजारी म्हातारा, राजधानीपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, प्रत्यक्ष मीटिंगमध्ये हजरही नाही. आणि नुसत्या लेखी हिशेबाच्या जोरावर दरबार तीनवरून आठवर नेतो. मला यात सम्राट श्वानचंही कौतुक वाटतं. त्याने तीनदा झापलं, पण बेड्या घातल्या नाहीत. उत्तर लिहायची मुभा ठेवली.

अर्थात सम्राट तो सम्राटच. त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवला. शेतीलाही मंजुरी, आणि शिन वूशिएन आणि झाओ आंगसह तिघा सेनाधिकाऱ्यांना हल्ल्यालाही परवानगी. पुढच्या उन्हाळ्यात झाओने हिशेब दिला : बंडखोर सुमारे पन्नास हजार होते, ७,६०० मारले गेले, ३१,२०० शरण आले, पाच-सहा हजार बुडून किंवा उपासमारीने गेले, चारेक हजार उरलेत, आता फौज उठवतो. बाकीच्यांच्या म्होरक्यांना त्यांच्याच माणसांनी मारलं. न लढता जिंकणं दिसतं ते असं. त्यातही हजारो मेलेलेच आहेत, हे ट्रेनिंगवाल्यांनी लक्षात घेतलेलं बरं.

परतीच्या वाटेवर एका मित्राने झाओला सल्ला दिला, दरबारात सांग की हल्ला करणाऱ्या सरदारांमुळे जिंकलो, म्हणजे सगळे खूश. झाओने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की युद्ध ही राज्याची मोठी बाब आहे, पुढच्यांना ती नमुना म्हणून वापरायचीय. मी आता मरायला टेकलोय. फायदा कशाने झाला आणि तोटा कशाने, हे मी खरं सांगितलं नाही तर माझ्यामागे कोण सांगणार? त्याने खरं सांगितलं. शिन वूशिएनचं सेनापतिपद गेलं, त्याला परत सुभेदारीवर पाठवलं. त्याने डूख धरला. झाओ आंग कधीतरी बोलण्याच्या ओघात दरबारातली एक आतली गोष्ट त्याच्यापाशी बोलून गेला होता, ती त्याने वर कळवली. झाओ आंगची चौकशी लागली आणि त्याने आत्महत्या केली. ‘आपला जीव जाईल’ म्हणून घाबरणारा मुलगा तो. म्हातारा शहाऐंशी वर्षं जगला.

आता एक शंका मलाही आहे, ती मांडतो. हे सगळे इतिहास पंडित-अधिकाऱ्यांनी लिहिले. लढाईने सेनापतींचं नाव होतं आणि खजिना पंडितांच्या हातून निसटतो. तेव्हा ‘नको’ म्हणणारे लोक त्यांच्या लिखाणात जरा जास्तच शहाणे दिसणार. अभ्यासक अलस्टर इयन जॉन्स्टन यांनी १९९५ च्या एका पुस्तकात चीनचे जुने युद्धग्रंथ आणि मिंग काळातलं मंगोलांबद्दलचं धोरण तपासून दाखवलं, की भाषा कितीही सद्गुणांची असली तरी ताकद हातात असताना मिंग राज्यकर्ते चढाईकडेच झुकत. मला हे पटतं. चीन शांतताप्रिय होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. स्वी घराण्याच्या सम्राट यांगने ६१२ मध्ये कोरियातल्या गोगुर्यो राज्यावर फौज नेली, नोंदीतला आकडा ११ लाख ३३ हजार ८००. त्यातले ३ लाख ५ हजार लियाओ नदीपलीकडे आत घुसले, परत आले २,७००. काही वर्षांत घराणंच बुडालं. हा धडा डोळ्यांसमोर असताना तांग घराण्याचा ताइझोंग, चीनचा सगळ्यात शहाणा म्हणून गाजलेला सम्राट, ६४५ मध्ये त्याच राज्यावर, सल्लागारांचं न ऐकता, स्वतः गेला. आनशीच्या किल्ल्यापुढे अडकला, थंडी पडली, चारा संपला, परत फिरला. वेई झंग नावाचा त्याचा एक मंत्री होता, त्याला तोंडावर विरोध करणारा. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि त्याच्यानंतर रागाच्या भरात ताइझोंगने त्याचा स्मृतिस्तंभ पाडायला लावला होता. परत आल्यावर म्हणाला की वेई झंग असता तर त्याने मला जाऊ दिलं नसतं, आणि स्तंभ पुन्हा उभा करायला लावला. आणि थोड्याच वर्षांत पुन्हा कोरियावर फौजा! स्तंभ उभारणं सोपं असतं हो.

शेवटचा माणूस, मिंग काळातला. शिया युआनजी, योंगल सम्राटाचा महसूलमंत्री. योंगल म्हणजे बीजिंगचा राजवाडा बांधणारा, झंग हंच्या मोठ्या आरमारी मोहिमा काढणारा, आणि मंगोलांवर जातीने चालून जाणारा. या सगळ्याचे पैसे वर्षानुवर्षं याच माणसाने उभे केले, कुरकुर न करता. १४२१ च्या हिवाळ्यात योंगलने पुन्हा मंगोलांवर जायचं काढलं, तेव्हा शिया म्हणाला की आधीच्या मोहिमांत घोडे आणि धान्यसाठे बहुतेक संपलेत, देशात संकटं आहेत, आपली तब्येतही बरी नाही, जायचंच असेल तर सेनापतीला पाठवा. युद्धमंत्री फांग बिननेही पैसे नाहीत म्हणून सांगितलं. सम्राट भडकला. फांग बिनने गळफास घेतला. शिया तुरुंगात. घरावर जप्ती आली तर सम्राटाने दिलेल्या बक्षिसाच्या पैशांशिवाय सुती कपडे आणि मातीची भांडी सापडली.

योंगल १४२२ ला गेला, १४२३ ला गेला, १४२४ ला गेला. शत्रू कधी धड हाती लागला नाही. तिसऱ्या खेपेला परतीच्या वाटेवर आजारी पडला, आणि मरताना जवळच्यांना म्हणाला म्हणे, की शिया युआनजीचं माझ्यावर प्रेम होतं. निरोप राजधानीत पोचल्यावर युवराज स्वतः कैदेत जाऊन त्याला भेटला, रडला, आणि त्याला सोडवून पुन्हा कारभारात घेतलं.

इथे गोष्ट छान संपली असती. पण तीनच वर्षांनी, १४२७ मध्ये, दरबारापुढे व्हिएतनामचा प्रश्न आला. योंगलने १४०७ मध्ये तो देश जिंकून प्रांत म्हणून जोडला होता, आणि ले लोय या बंडखोराने मिंग फौजांना आता जेरीला आणलं होतं. तरुण सम्राट श्वानदने विचारलं, सोडायचा का? यांग शिची आणि यांग रोंग म्हणाले, सोडा. विरोधात जे उभे राहिले, वीस वर्षांचे कष्ट असे देऊन टाकले तर जगापुढे आपण दुबळे दिसू म्हणणारे, त्यात शिया युआनजी होता. एक युद्ध नको म्हणून जवळजवळ तीन वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस. त्या वीस वर्षांचा खर्चही त्यानेच उभा केलेला होता, कदाचित म्हणूनच. या वेळी सम्राटाने त्याचं ऐकलं नाही. फौजा परत बोलावल्या, सुमारे ८६ हजार माणसं घरी आली. आणि या खेपेला चुकीचा सल्ला दिला म्हणून कुणालाही बेड्या पडल्या नाहीत.